कच्ची वही

अण्णांच्या आजारपणाच्या आठव्या दिवशी सकाळी काकूंनी कुणालाही न विचारता बॅग भरली. दोन पायजमे, टॉवेल, ब्रश, रक्तदाबाच्या गोळ्या, फोनचा चार्जर आणि जवळचं वाचायचा जुना चष्मा. नवा द्यायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं, कारण मागच्या वर्षी थोरल्या नणंदेची, आक्कांची, बॅग इस्पितळातून परत आली तेव्हा तिच्यात चष्मा नव्हता. बॅग ओट्याखाली सरकवून त्यांनी चहाचं आधण ठेवलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्यापासून लपवलेली ही दुसरी गोष्ट. पहिली काय होती ते आता त्यांनाही आठवत नव्हतं.

आतल्या खोलीत अण्णा उशांना टेकून बसले होते. चष्म्याच्या दुकानात चाळीस वर्षं ह्या माणसाच्या तोंडाला विश्रांती नव्हती. गिऱ्हाइकाचा नंबर काढून होईपर्यंत ते त्याच्या सासुरवाडीपर्यंत पोहोचलेले असत. आता ते दोन शब्द बोलत आणि तिसऱ्याआधी थांबत. थांबलं की खिडकीकडे बघत, जणू काही बाहेरचं काहीतरी बघायलाच थांबले होते. काल सकाळी ते न्हाणीघरात स्टुलावर बसून दात घासताना काकूंनी पाहिलं होतं.

"बसलात का?"

"स्टूल... रिकामं होतं म्हणून."

काकूंना हसू आलं नव्हतं. त्या तशाच समोरच्या घरात गेल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांना दम लागतोय."

भाऊ म्हणजे अण्णांचे थोरले भाऊ. दोघांची घरं एकाच मजल्यावर, दारासमोर दार. भाऊंनी वही उघडली, ऑक्सिजनच्या आकड्यांवर बोट ठेवून वाचून दाखवलं, "पंच्याण्णव, पंच्याण्णव, चौऱ्याण्णव, पंच्याण्णव. सांगा काकू, ह्यात दम कुठे दिसतो तुम्हाला?"

वहीपुढे ह्या घरात कुणी बोलत नसे. भाऊंनी तेहतीस वर्षं पुलावर उभं राहून नदीची पातळी मोजली होती, दिवसातून तीन वेळा, आणि त्यांच्या नोंदीत साहेबाला कधी खोट काढता आली नव्हती. साथ सुरू झाली तशी त्यांनी नवी वही घातली. डाव्या पानावर शहराचे आकडे: चाचण्या, नवे रुग्ण, रिकामे बेड, मृत्यू, लाल-निळ्या पेन्सिलीने काढलेल्या रेघांसकट. उजव्या पानावर घरातल्या प्रत्येकाचा ताप आणि ऑक्सिजन. इमारतीतले लोक त्यांना फोन करून विचारत, "भाऊ, लाट उतरतेय का?" आणि भाऊ, पूर्वी पुराबद्दल सांगत त्याच आवाजात सांगत, "अजून दोन दिवस थांबा."

काकूही वहीपुढे गप्प बसल्या. परत येऊन त्यांनी न्हाणीघरातलं स्टूल धुतलं आणि होतं तिथेच ठेवलं. रात्रभर त्यांनी विचार केला, आणि सकाळी बॅग भरली.

---

ताईला कच्ची वही सापडली ती पेन शोधताना.

ताई ही भाऊंची एकुलती एक लेक, वैद्यकीय महाविद्यालयात ग्रंथपाल. गेलं वर्षभर तिचं एक काम वाढलं होतं. रोज सकाळी जगभरातलं नवं संशोधन चाळायचं, त्यातलं कामाचं निवडायचं आणि वॉर्डातल्या डॉक्टरांसाठी एका पानात उतरवायचं. कुठलं औषध चाललं, कुठलं पडलं, कुठल्या अभ्यासात माणसंच चाळीस होती म्हणून त्यावर नाचू नये. तेच पान सोपं करून ती घरच्या ग्रुपवरही टाकायची. घरचे त्यातली शेवटची ओळ वाचायचे. अण्णा तीही वाचत नसत. ते वर्षभर ताईशी बोलत नव्हते.

आक्का ही ह्या दोघा भावांची मोठी बहीण. मागच्या वर्षी तिला संसर्ग झाला तेव्हा रुग्णवाहिका ताईने बोलावली होती. आक्का तिसऱ्या दिवशी गेली, एकटी, कुणालाही न भेटता. अण्णांनी त्या दिवशी भाऊंची वही सगळ्यांसमोर धरली होती. "त्र्याण्णव होती! चालत-बोलत होती! हिनं उचलून नेली आणि मारली." तेव्हापासून ताई खोलीत असली की अण्णा भिंतीशी बोलत.

अकरा वाजता डॉक्टरांचा फोन यायचा होता. त्याआधी आकडे उतरवून घ्यावेत म्हणून ताई भाऊंच्या टेबलाशी बसली. पेनातली शाई संपली. तिने खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला तर पेनाबरोबर तळहाताएवढी वही हाताला लागली. आकडे आधी कच्च्या वहीत, मग गाळून पक्क्या वहीत, ही भाऊंची पुलावरची सवय तिला लहानपणापासून ठाऊक होती. तिने सहज पान उघडलं.

सोमवार सकाळ: ९१, ९५, ९५.

मंगळवार: ९०, ९४, ९६.

बुधवार: ८९, ९४, ९४.

काल: ८८, ९४, ९५.

प्रत्येक ओळीतला पहिला आकडा पट्टी लावून खोडलेला होता. उरलेल्या दोनांची सरासरी पक्क्या वहीत गेली होती. काल साडेचौऱ्याण्णव आले, त्याचे भाऊंनी पंच्याण्णव केले होते.

 ती वही घेऊन न्हाणीघराच्या दारात गेली. भाऊ दाढी करत होते.

"भाऊ, पहिला आकडा का खोडलाय?"

"कुठला?" त्यांनी आरशातूनच बघितलं. "ते होय. अण्णा न्हाणीघरातून चालत येतो ना, दमलेला असतो. हात गार असतात. मशीन वेडंवाकडं दाखवतं. मी म्हणतो, बस जरा, टेक. मग दोन वेळा घेतो. ते बरोबर येतात."

"चालून आल्यावर पडतो, तोच आकडा खरा आहे, भाऊ."

"असं कसं? पाण्यावर होडी गेली, लाट आली, काठीवर पाणी हातभर चढलेलं दिसतं. ते लिहिशील तू? गावाला उठवून बसवशील?" वस्तरा खाली ठेवत ते वळले. अर्ध्या गालावर फेस तसाच होता. "आणि एका आकड्यावर धावायचं नाही हे मला कुणी शिकवलं? तूच ना? रविवारी चाचण्या कमी होतात, सोमवारी आकडा पडतो, म्हणून सात दिवसांची सरासरी काढा."

"ते शहराचं, भाऊ. शहराची सरासरी काढतात. अण्णाकाका एकटे आहेत." तिचा आवाज चढला होता, तो तिने आवरला. "फुप्फुस थकायला लागलं की बसून असताना माणूस ठीक दिसतो. चार पावलं चालला की ऑक्सिजन उतरतो. सगळ्यात आधी तिथेच कळतं. रोज एकेक अंकानं उतरलाय तो, सोमवारपासून. आणि ती उतरण तेवढीच तुम्ही खोडलीत."

 भाऊंनी वही हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली. ताईला दिसलं की त्यांना कळलं आहे. तिला त्यांचा रागही आला आणि कीवही आली, आणि दोन्हीसाठी आत्ता वेळ नव्हता.

"दहाला बैठक आहे," ती म्हणाली. "तुमचं नाव मी घेत नाही. मशीन बिघडलं होतं असं सांगते. पण आज काका गेले पाहिजेत."

---

ह्या घराण्यात काहीही ठरवायचं झालं की बैठक बसे. एरवी ती भाऊंच्या दिवाणखान्यात असे, आठवडाभर दोन दारांमधल्या मोकळ्या जागेत होती. भाऊ आपल्या उंबरठ्याशी, ताई जिन्याच्या कठड्याला टेकून, अण्णा आपल्या दाराच्या आत खुर्चीवर, काकू त्यांच्या मागे. सगळ्यांच्या तोंडाला मास्क, त्यामुळे कोण रागावलंय ते भुवयांवरून ओळखावं लागे. जिन्याच्या दोन पायऱ्या खाली अण्णांचा मुलगा उभा होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि सगळी इमारत त्याला लिफ्टवाला म्हणायची. लग्न त्याने पंधरा दिवसांत उरकलं होतं, घर एका दुपारी घेतलं होतं, आणि वडिलांच्या आजाराचा निकालही त्याने लावून आणला होता.

"हे बघा," खिशातून गोळ्यांची पट्टी काढत तो म्हणाला. "स्टेरॉइड. ओळखीतून मिळवलंय. आज सुरू करायचं, पाच दिवसांत माणूस उभा. माझ्या साहेबांच्या मेव्हण्याला हेच दिलं."

"कधी दिलं त्यांना?" ताईने विचारलं. "घरी असताना की ऑक्सिजनवर असताना?"

"ते कशाला विचारू मी? बरा झाला ना!"

"त्याच्यावरच सगळं आहे रे. हे औषध काम करतं, मी नाही म्हणत नाही. मोठा अभ्यास झालाय, हजारो लोकांचा. ज्यांना ऑक्सिजन लावावा लागला त्यांच्यात मृत्यू कमी झाले. ज्यांना लागत नव्हता त्यांना काडीचा फायदा झाला नाही, कदाचित अपायच झाला असेल. म्हणजे काकांना ऑक्सिजन लागत नसेल तर ही पट्टी फेकून दे. आणि लागत असेल तर काकांची जागा ह्या खुर्चीत नाही."

"लागत नाहीये," अण्णा भिंतीला म्हणाले. "तिला सांग... वही बघ म्हणावं."

"तेच म्हणतोय मी," लिफ्टवाला म्हणाला. "वहीत पंच्याण्णव आहे. मग घरीच गोळ्या..."

"अरे, पंच्याण्णव आहे तर गोळ्या कशाला? तू तुझंच बोलणं ऐकतोस का कधी?"

लिफ्टवाल्याने पट्टीकडे पाहिलं आणि ती खिशात घातली. तेवढ्यात ताई पुढे झाली. "मला एक करून बघायचंय. काकांनी इथून स्वयंपाकघरापर्यंत फेऱ्या मारायच्या. सहा मिनिटं. बोटाला मशीन लावून. मध्येच दमले तर थांबायचं."

अण्णांनी तोंड भिंतीकडे वळवलं. काकू मात्र खुर्चीपुढे आल्या आणि नवऱ्याचा हात धरला. "उठा."

"तू पण?"

"हो, मी पण. उठा."

बेचाळीस वर्षांत काकूंनी असा हुकूम सोडला नव्हता. त्या धक्क्यानेच अण्णा उठले. पहिली फेरी झाली. दुसऱ्या फेरीला त्यांनी दाराची चौकट धरली. तिसरी पुरी झालीच नाही. काकूंनी मशीनवरचा आकडा मोठ्याने वाचला आणि त्यांचा आवाज चिरकला. "सत्त्याऐंशी."

 अण्णा खुर्चीत बसले, डोळे मिटून. छाती भात्यासारखी चालली होती. ताईने मनात पाच मिनिटं मोजली. आकडा हळूहळू चढत त्र्याण्णवावर जाऊन थांबला.

"आज जायला हवं, काका," ती म्हणाली. "आज बेड आहे. दहा दिवसांपूर्वी नव्हता, लाट उतरायला लागलीय म्हणून मिळतोय. आमच्या वॉर्डात एक धरून ठेवलाय त्यांनी, बारापर्यंत. आधीचे आकडे मशीननं चुकीचे दाखवले असणार. स्वस्तातलं आहे ते."

अण्णांनी डोळे उघडले. ह्या वेळी ते भिंतीशी बोलले नाहीत, पण ताईशीही बोलले नाहीत. ते भावाकडे बघून बोलले, थांबत थांबत.

"पाच दिवस... मशीन चुकलं. आणि आज हिच्यासमोर... बरोबर झालं? चालवलंत मला, दमवलंत... म्हणून उतरला. भाऊच्या वहीत उतरण... नाही. आक्काला पण... असंच नेलं होतं. वहीत त्र्याण्णव असताना. मी नाही जाणार. मरायचं तर... माझ्या घरात मरेन. तिथे एकटा... नाही."

"अण्णा, असं काय..." लिफ्टवाला म्हणाला.

"भाऊ, तू सांग." अण्णांनी हात पुढे केला. "तुझी वही काय म्हणते... तेच मी ऐकेन. दुसऱ्या कुणाचं नाही."

---

भाऊंच्या मांडीवर पक्की वही होती आणि सदऱ्याच्या खिशात कच्ची. अर्धी दाढी तशीच राहिली होती आणि मास्कखाली गालाला खाज सुटली होती. त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती, मुद्दामच बघत नव्हती. तिने त्यांना वाट ठेवली होती. मशीनवर ढकललं की झालं. पण मशीनवर अण्णाचा विश्वास नव्हता आणि लेकीवर तर नव्हताच. त्याचा विश्वास होता तो ह्या वहीवर, आणि ती वहीच त्याला खुर्चीत खिळवून बसली होती.

भाऊंना वाटलं, आणखी एक दिवस थांबलं तर? उद्याचे आकडे खरे लिहीन, त्यालाच दिसेल. मग स्वतःच्याच विचाराची त्यांना शरम वाटली. पाणी डोळ्यांदेखत चढत असताना उद्याच्या नोंदीची वाट बघणाऱ्याला त्यांनी स्वतः नोकरीवरून घालवला असता.

त्यांनी कच्ची वही काढली आणि उभे राहिले.

"वही चुकीची आहे, अण्णा," ते म्हणाले. "मशीन बरोबर होतं. मी चुकीचं लिहिलं."

"काय?"

"तू चालत यायचास तो आकडा मी खोडत होतो. मला वाटलं, दमल्यामुळे येतोय, खोटा आहे. खोटा नव्हता. ऐक. सोमवार, एक्क्याण्णव. मंगळवार, नव्वद. बुधवार, एकोणनव्वद. काल अठ्ठ्याऐंशी. आज सत्त्याऐंशी, तो तू ऐकलासच. एकदाही वर गेला नाही."

लिफ्टवाला दोन पायऱ्या चढून वर आला. "मोठेकाका, खोडलेत? आमच्याकडे लिफ्ट आपोआप अडवणारी सेफ्टी एकदा पडली ना, एकदाच, तरी लिफ्ट बंद करतो आम्ही. आधी बंद, मग कारण शोधायचं. दोनदा चालवून बघितली, चालली, म्हणून माणसं नाही बसवत तिच्यात!"

"बरोबर आहे तुझं," भाऊ म्हणाले.

हे शब्द त्यांच्या तोंडून पुतण्याने उभ्या जन्मात ऐकले नव्हते. 

अण्णा मात्र दुसरीकडेच पोहोचले होते. चष्म्याआडून ते भावाकडे एकटक बघत राहिले. "आणि आक्काचं?" त्यांनी विचारलं. "आक्काचे आकडे... तेही तूच घेत होतास."

हे विचारलं जाणार हे भाऊंना उभं राहतानाच ठाऊक होतं. सकाळपासून त्यांना तेवढंच दिसत होतं. ती कच्ची वही टेबलाच्या खणात होती, पण ती उघडायची गरज नव्हती.

"तिचेही खोडले."

"किती होते?"

"नव्वद. अठ्ठ्याऐंशी. मग शहाऐंशी. तीन दिवस घसरत होती ती. त्र्याण्णव मी तिला बसवून, पाणी पाजून घेतले होते." भाऊंनी कठडा धरला. "हिनं लवकर नेलं नाही तिला. उशीर झाला होता. तो उशीर माझा होता."

सकाळपासून ताईला वाटत होतं की हे खरं निघालं तर आपण ओरडू, किंवा रडू. सकाळी कच्ची वही हातात आल्यावर तिच्या मनात तो विचार येऊन गेला होता, पण खणातली जुनी वही काढून बघण्याचं धाडस तिला झालं नव्हतं. वर्षभर रात्री कूस बदलताना तिने स्वतःलाच विचारलं होतं, एक दिवस थांबलो असतो तर? आणि ह्या माणसाने, शेजारच्या खोलीत झोपून, तिला तसं विचारू दिलं होतं. नकळत का होईना.  भाऊ तिच्याकडे वळले, काही म्हणणार होते.

"नंतर," ती म्हणाली. "भाऊ, ते नंतर. मला खूप बोलायचंय तुमच्याशी आणि मी सोडणार नाहीये. पण आत्ता पावणेअकरा झालेत."

काकू आत गेल्या आणि ओट्याखालची बॅग घेऊन बाहेर आल्या. ती त्यांनी धाडकन मधोमध ठेवली.

"कधी भरलीस?" अण्णांनी विचारलं.

"सकाळी."

"मला न... विचारता?"

"तुम्हाला विचारलं असतं तर भरली असती का?"

अण्णा थोडं हसले आणि त्या हसण्यानेही त्यांना खोकला आला. खोकला थांबल्यावर ते मान वळवून ताईकडे बघत म्हणाले, "पोरी." वर्षभरात पहिल्यांदा. "तिथे काय करतील माझं? सगळं सांग. गोड करून... नको."

ताई त्यांच्यापासून हातभर अंतरावर उकिडवी बसली. "नाकात नळी लावतील, ऑक्सिजनची. रक्त घेतील, छातीचा फोटो काढतील. ऑक्सिजन लागला की मग ह्याच्या खिशातलं औषध देतील, तिथे, मोजून, साखर तपासत. पालथं झोपायला लावतील दिवसातून बरेच तास, ते तुम्हाला आवडणार नाही. बहुतेक जण एवढ्यावर सुधारतात. काही जण नाही सुधारत. तुमचं काय होईल ते मला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही. पण वेळेवर पोहोचलेल्यांचं बरं होतं हे मी रोज वाचते."

"आणि एकटा?"

"वॉर्डात एकटे. पण माझं ग्रंथालय त्याच आवारात आहे. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा मी खाली असेन. रोज वॉर्डात फोन करीन आणि तुमच्याशी बोलीन. तुम्ही भिंतीकडे तोंड करून बोललात तरी चालेल."

अण्णांनी नाक ओढलं. "चष्मा... नवा घ्या बॅगेत," ते काकूंना म्हणाले. "जुन्यानं नीट दिसत नाही मला. परत आणायचाच आहे तो."

---

गाडी खाली यायला वीस मिनिटं लागली. चालक म्हणाला, सोबत एकच माणूस. लिफ्टवाला पुढे झाला, मुलगा म्हणून ते त्याचंच होतं. अण्णांनी स्ट्रेचरवरूनच मान हलवली.

"ती येईल. तिला तिथलं... कळतं. तू आईजवळ थांब. आणि त्या गोळ्या... फेक."

"फेकतो," लिफ्टवाला म्हणाला. त्याने खरंच पट्टी काढून कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. मग मास्कवरून डोळे पुसले आणि बॅग गाडीत चढवली.

भाऊ सगळ्यांत शेवटी जिना उतरले. वर त्यांनी एक कोरा कागद घेतला होता आणि टेबलाशी उभ्यानेच लिहीत होते. ताईनेच मागितलं होतं, "पाच दिवसांचे सगळे आकडे लिहून द्या, तिन्ही वेळा घेतलेले, खोडलेल्यांसकट. डॉक्टर विचारतील." भाऊंनी कागद तिच्या हातात दिला. खाली त्यांनी सही केली होती, तारीख आणि वेळ घातली होती, आणि प्रत्येक पहिल्या आकड्यासमोर लिहिलं होतं: चालून आल्यावर. त्यांनी लेकीच्या खांद्याला हात लावायला हात उचलला, मग तो गाडीच्या दारावर ठेवला. दार लावून ते मागे सरले. लेकीने काचेतून त्यांच्याकडे एकदा पाहिलं, आणि पुढे बसलेल्या चालकाला म्हणाली, "चला."

इस्पितळाच्या दाराशीच तपासणीची खोली होती. डॉक्टर तरुण होती, पायापासून डोक्यापर्यंत पांढऱ्या पोशाखात, पाठीवर मोठ्या अक्षरात टोपणनाव लिहिलेलं. तिने अण्णांच्या बोटाला मशीन लावलं. गाडीतून उतरून खाटेवर येईपर्यंत आकडा शहाऐंशीवर आला होता. परिचारिकेने लगेच नाकात नळी लावली आणि ऑक्सिजनची चावी फिरवली.

"कधीपासून घसरतोय?" डॉक्टरने विचारलं.

ताईने कागद पुढे केला. डॉक्टर तो वाचू लागली, एकदा वरपासून खालपर्यंत, मग पुन्हा फक्त डाव्या बाजूचे आकडे. ती थबकली.

"चालून आल्यावरचे वेगळे नोंदवलेत? घरी कुणी असं करत नाही. सगळे बसवून घेतात, मग आमच्याकडे पंच्याण्णव घेऊन येतात." तिने मान वर केली. "ह्यावरून मला पाच दिवसांची उतरण कळते. आजच स्टेरॉइड सुरू करता येईल. पण हे भरवशाचं आहे ना? कुणी लिहिलंय?"

ताईने उत्तर द्यायला तोंड उघडलं.  हो म्हणावं तर ते खरं होतं, आणि तिला ते म्हणवत नव्हतं.

खाटेवरून अण्णांनी हात वर केला. नाकातल्या नळीतून वारा फुसफुसत होता, आणि त्यांना आठवडाभरात पहिल्यांदाच एक अख्खं वाक्य एका दमात बोलता आलं.

"माझ्या थोरल्या भावानं लिहिलंय, आणि ते खरं आहे."